खाडीवरची ठिपक्यांची वाट

सोमवार, १६ जून १९९७

शाळा उघडली आणि पहिल्याच तासाला माझी फूटपट्टी मोडली. नवी कोरी, लाकडी, कडेला पत्रा लावलेली होती. आठवीच्या दोन पोरांनी बाकावरच्या जागेसाठी एकमेकांची डोकी भिंतीवर आपटली, एकाच्या भुवईतून रक्त यायला लागलं. मी दोघांनाही धुतलं. दुसऱ्याच्या पाठीवर पट्टी मोडली तेव्हा कुठे वर्ग गप्प झाला. या पोरांना दुसरी भाषा कळत नाही, घरी तीच ऐकत मोठी झालीत.

मग विचारलं, भूगोल शिकून माणूस काय होतो? मागून आवाज आला, "रिक्षावाला." सगळे हसले. आणखी एक म्हणाला, "काही होत नाही बाई, नापास होतो." चंचल म्हणाली, "भूगोलाची बाई होते." तिच्या हातावर मोडक्या पट्टीचा तुकडा बसला. चंचल माझ्या जेठांची, म्हणजे ह्यांचे चुलतभाऊ सुकलालभाऊ, त्यांची मुलगी. शाळेत मला बाई म्हणते, घरी काकू. नात्यातली म्हणून सोडलं असं कुणी म्हणू नये, म्हणून तिला इतरांपेक्षा एक जास्तच बसते. पोरगी हुशार आहे, आणि रडत नाही.

पण प्रश्न डोक्यातून जाईना. पुस्तकात कॅनडाचे लाकूडतोडे आहेत, न्यूझीलंडच्या मेंढ्या आहेत. सुरतेच्या डिंडोलीतल्या पोराला ती मेंढी काय करायची आहे? त्याचा बाप कापड विणायच्या लूमच्या संच्यावर उभा राहतो, आई साड्यांना टिकल्या लावते, घरामागची खाडी रंगाईच्या पाण्याने आज लाल तर उद्या निळी वाहते. हा भूगोल नाही तर काय आहे? ठरवलं, यंदा आठवीचा भूगोल वर्गाबाहेर.

बुधवार, २५ जून

मोठ्या सरांकडे गेले. त्यांना नेहमीप्रमाणे घाम फुटला. "रंजनाबेन, पोरं रस्त्यावर न्याल आणि एखादं ट्रकखाली येईल."

मी म्हटलं, "वर्गात ठेवली तर एकमेकांना मारून टाकतील, ते चालेल का?"

शेवटी स्वातंत्र्याची पन्नास वर्षं कामी आली. पंधरा ऑगस्टला शाळेत प्रदर्शन आहे आणि सरांकडे मांडायला झेंड्याच्या रांगोळीशिवाय काही नाही. मी वस्तीचा मोठा नकाशा करून देते म्हटल्यावर मान हलवली. कोण काय काम करतं, कुठल्या वाटेने कामाला जातं, सगळं दाखवायचं. पोरं पावलांनी अंतर मोजतील. दर शनिवारी एकेका धंद्याचा माणूस वर्गात बोलवीन, म्हणजे भूगोलाचं पुढे काय होतं ते त्यांना डोळ्यांनी दिसेल.

शनिवार, २८ जून

पहिला पाहुणा हिलालभाऊ, पाटबंधारे खात्यात मोजणीदार. कडक इस्त्रीचा शर्ट घालून, तिपाई आणि दुर्बीण घेऊन आले. स्वतःला कलेक्टरच समजतात. "मी या काचेतून बघून हो म्हणालो की मगच इंजिनियर पुढे सरकतो," असं तीनदा सांगितलं. दुर्बिणीला डोळा लावायला अशी झुंबड उडाली की एका पोराचे दात त्याच्याच ओठात घुसले. तोंड रक्ताने भरलेलं, तरी रांग सोडेना. जाताना तो मला म्हणाला, "बाई, मी मोजणीदारच होणार." ओठ टरारून सुजलेला होता, त्यामुळे नीट कळलंसुद्धा नाही, पुन्हा विचारावं लागलं. मला फार बरं वाटलं.

शनिवार, ५ जुलै

संप सुरू झाला. शेठ लोकांनी एकेका माणसाला आठऐवजी बारा संचे चालवायला सांगितले. माणसाला हात दोनच. धागा तुटला तर पळत जाऊन गाठ मारायची, तोवर मागचे तीन संचे उभे. आमचे हे, भूपेंद्र, संपाचे पुढारी आहेत. गळ्याला लाल रुमाल बांधून हिंडतात, घरी जेवायलाही चार माणसं घेऊन येतात. सासूबाई भाकरी थापता थापता मुलाकडे कौतुकाने बघतात.

काल कामावर निघालेल्या एकाला चौकात सायकलवरून खाली खेचलं आणि त्याच्याच सायकलच्या चेनने मारलं. कान फाटला. माझी पोरं त्या वेळी तोच रस्ता पावलांनी मोजत होती. एकीने वहीत लिहिलं, "चौक ते पानाची टपरी, मध्ये मारामारी." मी खोडायला लावलं. नकाशात भांडणं दाखवत नाहीत, जागा दाखवतात, असं समजावून सांगितलं.

हे म्हणाले, मी हात लावला नाही, पोरं तापली होती. माझा विश्वास आहे. लग्नाला बारा वर्षं झाली, मला दोनदाच मारलं आहे, आणि दोन्ही वेळा मीच जीभ चालवली होती.

गुरुवार, १० जुलै

आज आमच्या ओट्यावर भाऊबंद जमले. विषय सुकलालभाऊ. सगळे घरी बसले असताना ते रोज कामावर जातात. बारा संचे चालवतात म्हणे. मुख्य रस्त्यावर, रेल्वे फाटकावर, सगळीकडे ह्यांची माणसं उभी असतात, तरी ते कारखान्यात पोचतात कसे हे कुणाला कळत नाही.

सुकलालभाऊ स्वतःच आले. बसले नाहीत. म्हणाले, "मागच्या संपात तुम्ही सगळे पेढे खाऊन परत कामाला लागलात. मला शेठने वर्षभर बाहेर बसवलं. तेव्हा एकाने तरी विचारलं का, की सुकलाल, चूल पेटली का? आता मला संप शिकवू नका."

ह्यांनी त्यांची कॉलर धरली. शर्ट फाटला. दोघे ओट्यावरून खाली गेले, कुंड्या फुटल्या, कुणीतरी सुकलालभाऊंच्या कमरेत लाथ घातली. बायका ओरडायला लागल्या तेव्हा सोडवलं.

मग ठरलं की यंदा कानबाईला सुकलालची मूठ घ्यायची नाही. यापेक्षा मोठी शिक्षा आमच्यात नाही. श्रावणात कानबाई, आम्हा खानदेशी लोकांची देवी, बसते तेव्हा घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात. सगळ्या भाऊबंदांचे गहू एकत्र दळायचे आणि त्याच पिठाचे रोट सगळ्यांनी बसून खायचे. ज्याची मूठ त्यात नाही तो कुळात नाही. आमच्याकडे तर ज्याची मूठ त्याच्या बायकोनेच घालायची, दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही. सासूबाई, सखुबाई, आमच्या घराण्यातल्या सगळ्यात मोठ्या. त्या म्हणाल्या, "त्यानं नाव लेवानं नई मन्हा घरमा." म्हणजे त्याचं नावसुद्धा या घरात नको.

शोभाबाई, सुकलालभाऊंची बायको, माझी जेठाणी, कुंड्यांच्या खापऱ्यांत उभी होती. तिचा चेहरा बघवला नाही. पण खरं सांगू, चूक त्यांचीच आहे. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये.

सोमवार, १४ जुलै

खाडीवर गेलो. मोठ्या सरांनी नको म्हटलं होतं, संप आहे, वातावरण तापलंय. मी ऐकलं नाही. पाऊस चार दिवस थांबलाय, पाणी उतरलंय, हीच वेळ होती.

आज पाणी जांभळं होतं. पोरांनी बाटलीत भरून घेतलं. पलीकडच्या एका कारखान्याचा राखणदार भिंतीच्या भगदाडातून बाहेर आला आणि काही न विचारता पहिल्याच पोराच्या कानाखाली अशी वाजवली की पोरगं चिखलात बसलं. "शूं करो छो अहियां?" इथे काय करताय म्हणून ओरडला. मी पुढे झाले. म्हटलं, भूगोल करतोय, तुमच्या शेठचं पाणी बघतोय, हात लावायचा असेल तर मला लाव. तो कुत्रा सोडतो म्हणाला. मी म्हटलं सोड. सोडला नाही, पण पोरांना मात्र मोजायचा वेगळाच जोर आला.

मी सांगितलं होतं, जो कुणाला ठाऊक नसलेली वाट शोधेल त्याच्या नावाने ती वाट नकाशावर येईल. सगळे झाडाझुडपांत घुसले. चंचल तेवढी माझ्याजवळ घुटमळत होती. म्हणाली, "बाई, एक वाट आहे. पण दाखवली तर घरी कुणाला सांगणार नाही ना?"

मी म्हटलं, "अगं, ही शाळा आहे. शाळेतलं शाळेत."

तिने नेलं. बाभळींच्या मागून खाली उतरलं की पाण्याची जुनी जाड पाइपलाइन खाडीवरून पलीकडे जाते. बाहेरून दिसतच नाही. पाइपवर माणूस एका वेळी एकच जाऊ शकतो, तोही पाऊल तोलत. पलीकडे सरळ कारखान्यांच्या मागच्या भिंती. "पप्पा पहाटे इथूनच जातात," ती हळूच म्हणाली. तिचं पाऊल मोजणं इतकं नेमकं होतं की हिलालभाऊंनी शाबासकी दिली असती. मी तिच्या पाठीवर थाप मारली. पाठ्यपुस्तकात एवढी सुंदर वाट नाही.

बुधवार, १६ जुलै

घरी जमिनीवर मोठा कागद पसरून नकाशाला शाई चढवते आहे. पक्के रस्ते जाड रेघेने, पायवाटा ठिपक्यांनी. संच्यांचे कारखाने निळे, रंगाईचे लाल. इतका देखणा झालाय की मला स्वतःचंच कौतुक वाटतं.

आज हे येऊन शेजारी बसले. जेवायचं ताट बाजूला ठेवून बघत राहिले. बारा वर्षांत माझ्या शाळेच्या कामाकडे ढुंकून बघितलं नव्हतं. म्हणाले, "हे सगळं पोरांनी केलं?" मी एकेक दाखवलं. हा चौक, हे फाटक, ही आपली गल्ली. त्यांनी बोट ठेवलं. "आणि ही ठिपक्यांची रेघ कसली?"

मी सांगितलं, पाइपवरची वाट, चंचलने शोधली. सांगून टाकल्यावर आठवलं, शाळेतलं शाळेत म्हणाले होते. पण घरचंच माणूस, त्याला काय सांगायचं नाही?

संध्याकाळी माझ्यासाठी गरम लोचो आणला, तो चण्याच्या डाळीचा वाफवलेला. वर भरपूर शेव, मला आवडते तशी. सासूबाई म्हणाल्या, आज सूर्य कुठून उगवला.

शुक्रवार, १८ जुलै

काल ह्यांनी नकाशा एक दिवसासाठी मागून नेला. संपाच्या मंडळातल्या लोकांना दाखवायचा आहे म्हणाले, "बघा म्हणावं, आमची बायको काय करते." मी नीट गुंडाळी करून दिला, वर प्लास्टिक लावलं. आज परत आला. एका कडेला चिखलाचा अंगठा उमटलाय. खोडरबराने निघाला नाही.

मंगळवार, २२ जुलै

सकाळी हे बाहेरून आले ते उजव्या हाताची बोटं सुजवून. दोन पेरं फुटलेली. संच्याच्या पट्ट्यात सापडली म्हणाले. हळद गरम करून लावली. चहा न पिता पांघरूण घेऊन पडले.

शाळेत तिसऱ्या तासाला चंचलला बोलावणं आलं. सुकलालभाऊ खाडीच्या गाळात पडलेले मिळाले. भंगार वेचणाऱ्या बाईने पाहिलं. डोकं फुटलंय, डावा गुडघा गेला, आणि उजवा हात मनगटापासून ठेचलाय. सळईने की दगडाने, कोण जाणे. दवाखान्यात नेलं तेव्हा अंगावर जांभळा चिखल वाळून पापुद्रे झाले होते.

कोण माणसं असतील ही? त्या खाडीवर दारू गाळणारे बसतात, त्यांच्यातलंच कुणी असेल. एकट्या माणसाला गाठून असं मारायचं, त्यांना काळीज आहे की नाही. ह्यांना सांगायला गेले तर भिंतीकडे तोंड करून झोपले होते.

गुरुवार, २४ जुलै

दवाखान्यात गेले. सुकलालभाऊंचा उजवा अंगठा काढून टाकला. बाकीची बोटं राहतील, पण वळणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. विणणाऱ्याचं सगळं पोट या बोटांत असतं. तुटलेल्या धाग्याला डोळे मिटून गाठ मारतात ती माणसं.

मी विचारलं, "भाऊ, कोण होतं?" ते छताकडे बघत राहिले. शोभाबाईने माझ्याकडे बघितलं आणि तोंडात पदर कोंबला. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला तर तिने खांदा काढून घेतला. दुःखात माणसाला काही सुचत नाही.

परत येताना बसमध्ये एकाएकी मनात आलं, संप चालू आहे. संचे बंद आहेत. मग ह्यांचा हात पट्ट्यात सापडला कुठे? विचारायला हवं. कुणाचा तरी संचा दुरुस्त करायला गेले असतील.

शनिवार, २६ जुलै

विचारलं.

दुपारी सासूबाई देवळात होत्या. तो बनियनवर बसून दाढी करत होता. मी म्हटलं, हात कुठल्या पट्ट्यात सापडला? एका गालाचा साबण पुसला. मग म्हणाला, "मला काय विचारतेस? तूच तर दाखवलंस."

तो बोलत होता. मारायचं नव्हतं, नुसता धाक दाखवायचा होता. सुकल्याने आधी शिवी दिली. तो पाइपवरून निसटायला गेला, पाय घसरला. मग पोरं ऐकेनात. एकाने सळई घातली, दुसऱ्याने घातली. "आणि तू?" मी विचारलं. तो म्हणाला, "मी पुढारी आहे. मी मागे उभा राहिलो असतो तर उद्या माझ्या मागे कोण आलं असतं?" असं म्हणाला. सख्ख्या चुलत्याच्या पोराचा हात ठेचून आला होता आणि असं म्हणाला.

फूटपट्टी टेबलावर होती, नवी आणलेली. मी ती त्याच्या तोंडावर मारली. पत्र्याची कड गालाला लागली, अर्ध्या साबणावर रक्त आलं. दुसऱ्यांदा उचलली तेव्हा त्याने माझं मनगट पिरगाळलं आणि मग थांबला नाही. डाव्या कानात अजून भोंगा वाजतोय. बरगडीत श्वास अडकतो. नकाशावर पाय देऊन मारत होता, कागद टरकन फाटला.

मी एवढी शिकलेली, वर्गात तोंड वर करून शिकवणारी, आणि लोचोच्या एका पुडीला भुलले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पोरीला शब्द दिला होता.

मंगळवार, २९ जुलै

पोलीस चौकीत गेले. आयुष्यात पहिल्यांदा. डोक्यावर पदर घेऊन, काना-गालाचं काळंनिळं झाकून. हवालदाराला सगळं सांगितलं, नवऱ्याच्या नावासकट. सांगताना माझ्याच आवाजाची मला भीती वाटत होती.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, दवाखान्यात जाऊन जबाब घेतलाय, तुमचे जेठ म्हणतात पाइप ओला होता, पाय घसरला, कुणावर संशय नाही. ज्याला लागलं तोच नाही म्हणतो तर मी कुणाला धरू? माझ्या गालाकडे बघून म्हणाला, "बहेन, घरनी वात घरमां राखो." घरची गोष्ट घरातच ठेवा म्हणे. पाणी पाजलं त्याने, तेवढं खरं.

शनिवार, २ ऑगस्ट

सुकलालभाऊंना घरी आणलं. मी गेले तेव्हा सासूबाई आधीच तिथे बसलेल्या. पितळी डब्यात शिरा आणलेला. स्वतःच्या हाताने त्यांना भरवत होत्या. नाव घ्यायचं नाही म्हणाल्या होत्या ना? आता म्हणत होत्या, यंदा कानबाईला तुझी मूठ येईल, वाटलं तर सगळ्यात आधी येईल, तुझ्यावाचून कुळ पुरं होतं का.

मी सरळ विचारलं, "भाऊ, जबाब असा का दिला?"

"मी घसरनू," ते म्हणाले. "पाइप वल्ला व्हता." सासूबाईंनी पुढचा घास त्यांच्या तोंडात दिला.

शोभाबाईने मला मोरीपाशी नेलं. कधी माझ्यावर आवाज चढवला नव्हता तिने, आज माझा दंड धरला, नखं रुतली. "तू पगारदार बाई आहेस. तू बोलशील आणि उद्या दुसऱ्या शाळेत जाशील. आम्हाला याच गल्लीत राहायचंय. याचा हात गेला. उद्या चंचलचं लग्न निघेल तेव्हा मांडवात उभं कोण राहील? भाऊबंदच ना? मूठ परत मिळते आहे ती मिळू दे. तुझ्या पाया पडते, तोंड बंद ठेव." मग खरंच पाया पडली. मोठी जेठाणी माझ्या पायावर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हणजे हे सगळे मिळून ठरवतात. मारायचं कधी आणि शिरा भरवायचा कधी. मार खाणाऱ्याने तोंड दाबून बुक्के खायचे आणि वर कुळात घेतलं म्हणून हात जोडायचे. तेही तुटक्या हाताने.

सोमवार, ४ ऑगस्ट

चंचल आज शाळेत आली. मागच्या बाकावर जाऊन बसली. मोठे सर वर्गात येऊन म्हणाले, प्रदर्शनासाठी नकाशा आणा, साहेब लोक येणार आहेत. मी म्हटलं, फाटला. ते म्हणाले, चिकटवून आणा.

सर गेल्यावर चंचल उभी राहिली. पूर्ण वर्गासमोर. "बाई, वाट मी दाखवली म्हणून पप्पांना मारलं ना?"

मी म्हटलं, "नाही. तू मला दाखवलीस. मी घरी दाखवली."

"तुम्ही म्हणाला होतात शाळेतलं शाळेत."

पुढच्या बाकावरचा एक पोरगा फिस्सकन हसला. चंचलने त्याच्या तोंडावर कंपासपेटी फेकून मारली. हनुवटी फुटली, दोन टाके पडले. मी तिला काही बोलले नाही. त्या पोराला रिक्षात घालून टाके घालून आणलं, त्याच्या आईच्या शिव्या खाल्ल्या. परत आले तेव्हा वर्ग इतका गप्प होता की असा गप्प वर्ग मला पट्टीने कधी करता आला नव्हता.

नकाशा शाळेत नेणार नाही.

शनिवार, ९ ऑगस्ट, दुपार

उद्या कानबाई बसणार. आज सकाळी गहू काढायला सगळ्या भाऊबंदांच्या बायका आमच्या ओट्यावर जमल्या. सासूबाई मध्ये पाटावर, समोर नवं सूप, बाजूला गव्हाची परात. पुरुष खाली गल्लीत उभे. सुकलालभाऊंना खुर्चीसकट उचलून आणलं होतं, हात पांढऱ्या पट्ट्यात, पाय सरळ. भूपेंद्र त्यांच्या शेजारी उभा राहून त्यांच्या खांद्यावर हात ठेवत होता. गालावरची खूण अजून दिसते. लोकांना दाढी करताना कापलं सांगितलंय.

पहिली शोभाबाई. तिने सव्वा मूठ मोजून घातली. मूठ इतक्या वरून सोडली की दाणे सुपाबाहेर पडले, ते चंचलने एकेक वेचून आत टाकले. सासूबाई म्हणाल्या, झालं, आता सगळं गोड झालं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

आदल्या दिवसापर्यंत माझं काहीच ठरलं नव्हतं. शोभाबाईचा चेहरा, तिचं ते पाया पडणं आठवत होतं. म्हटलं, घालावी आणि मोकळं व्हावं, एक मूठ गव्हाने काय होतंय. परातीत हात घातला, मूठ भरली. समोर चंचल उभी होती. ती सुपाकडे बघत नव्हती, माझ्या हाताकडे बघत होती.

मी मूठ उघडली आणि गहू परत परातीत सोडले. म्हटलं, "यांच्या नावाचे गहू मी घालणार नाही. सुकलालभाऊंचा हात यांनी मोडला. वाट मी दाखवली."

सासूबाईंनी मला कानाखाली मारली. त्याच कानावर, डाव्या. "काय करी ऱ्हायनी तू? टाक मूठ." मी हात मागे बांधले. त्यांनी पुन्हा मारलं. मग स्वतःच परातीत हात घातला, मूठ भरली आणि सुपावर नेली. तिथे त्यांचा हात थांबला. रीत त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. बायको जिवंत असताना आईची मूठ लागत नाही. ती मूठ तशीच अधांतरी राहिली आणि मग परत परातीत रिकामी झाली.

शोभाबाई काही बोलेल म्हणून मी तिच्याकडे बघायची हिंमत केली नाही. ती उठली. मला वाटलं मारायला येते आहे. तिने चंचलला जवळ घेतलं आणि माझ्या शेजारी, मांडीला मांडी लावून, येऊन बसली.

पुढचा नंबर पुष्पाबाईचा. तिचा माणूसही त्या पहाटे पाइपवर होता, तिला ठाऊक आहे. तिने डोळे घट्ट मिटले आणि मूठ घातली. बाकीच्यांनीही घातली. भूपेंद्रची सोडून सगळ्यांची.

सूप भरलं तेव्हा तो पायऱ्या चढून वर आला. मुठी वळलेल्या. मला वाटलं, आता सगळ्यांदेखत. मी मान खाली घातली नाही. बायका बसल्या जागेवरून त्याच्याकडे बघत होत्या. खाली गल्लीत त्याचीच माणसं, लाल रुमालवाली, वर बघत होती. एकही पुढे आला नाही. सुकलालभाऊ खुर्चीत मान वळवून बघत होते. कितीतरी दिवसांनी त्यांनी कुणाच्या तरी डोळ्यांत बघितलं.

सासूबाईंनी सुपावर लाल कापड झाकलं आणि गिरणीत न्यायला दिलं. गहू गेले. तो ओट्याच्या कडेला उभा होता, आणि त्याला कुणी बस म्हटलं नाही.